खाड्या मोजून आखायची सफर: कोकण किनाऱ्यावर सायकल आणि तंबू घेऊन पहिल्यांदा निघताना

नकाशावर रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी महामार्ग समुद्राला बिलगून गेलेला दिसतो. समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाट, असं समजून नवखा सायकलस्वार दिवसाला ऐंशी-नव्वद किलोमीटरचा बेत आखतो आणि दुसऱ्याच दिवशी तो बेत कोलमडतो. कोकणात एक गाव संपलं की घाटी लागते, घाटी चढून सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, यायचं, सडा ओलांडून पुन्हा खाडीपर्यंत उतरायचं. सडा साधारण शंभर ते दीडशे मीटर उंच आणि आठ-दहा टक्क्यांचा चढ सर्रास. दिवसात अशा तीन-चार घाट्या आल्या की साठ किलोमीटरमागे तीनशे ते सहाशे मीटर चढाई होते. म्हणून बेत आखताना आधी खाड्या मोजा. त्या दिवशी किती वेळा शून्यावर उतरायचंय आणि किती वेळा वर चढायचंय हे कळलं, की किलोमीटरचा आकडा आपोआप ठरतो. सुरुवातीला दिवसाला ४५ ते ६० किलोमीटर पुरे. सपाट पट्टा असेल तर ७०.

वेळ आणि दिशा

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत निघा. ऑक्टोबरचं ऊन आणि मार्चनंतरचा दमट उष्मा, दोन्ही चढावर घाम काढतात आणि तो घाम वाळत नाही. पावसाळ्यात नवख्याने तंबू घेऊन जाऊच नये. नाताळचा आठवडा आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळल्या तर अरुंद रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या कमी भेटतात आणि गावात रात्रीपुरती जागाही सहज मिळते.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवा. किनाऱ्यावर पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तो मंद असतो. अकरा-बारा वाजल्यापासून समुद्रावरून खारा वारा सुरू होतो आणि या दिवसांत तो बहुतेक वायव्येकडून येतो. दक्षिणेला जाताना तो पाठीवर मिळतो, उत्तरेला येताना छातीवर. भरल्या सायकलीला हा फरक फार मोठा आहे.

सकाळी साडेसहाला निघा आणि साडेअकरापर्यंत दिवसाचं दोन तृतीयांश अंतर कापा. मग सावलीत जेवण आणि झोप. साडेतीननंतर उरलेलं. सूर्य मावळण्याआधी किमान एक तास मुक्कामाच्या गावात पोचायचं, कारण जागा शोधणं, विचारणं, तंबू लावणं ही सगळी उजेडातली कामं आहेत.

पहिला मार्ग: मांडवा ते रत्नागिरी, सात दिवस

मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो (गाड्याही नेणाऱ्या) बोटीत सायकल नेता येते, म्हणजे पनवेल-पेणचा गर्दीचा रस्ता पूर्ण टळतो. पहिल्या दिवशी मांडवा, अलिबाग, रेवदंड्याच्या पुलावरून कुंडलिका ओलांडून काशीद आणि मुरूड. साधारण ७० किलोमीटर, पण चढ कमी. सामान नीट बांधलंय की नाही, खोगिराची उंची बरोबर आहे की नाही, हे तपासायला हा दिवस उत्तम.

दुसऱ्या दिवसापासून फेरीबोटी सुरू होतात. आगरदांड्याहून दिघीला उतरायचं, तिथून दिवेआगर आणि शेखाडीमार्गे श्रीवर्धन. शेखाडीचा रस्ता खरोखर पाण्याच्या कडेने जातो, तिथे घाई करू नका. तिसऱ्या दिवशी हरिहरेश्वर, बागमांडल्याहून सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वी, आणि केळशीला मुक्काम. हा दिवस अंतराने लहान आणि पायांना जड. चौथ्या दिवशी आंजर्ले, हर्णै, कर्दे, लाडघर. पाचव्या दिवशी दाभोळहून धोपाव्याला वाशिष्ठी ओलांडायची आणि गुहागर गाठायचं. सहाव्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी, तवसाळहून जयगड, मग गणपतीपुळे. सातव्या दिवशी सकाळी आरे-वारे मार्गे रत्नागिरी, तो अर्ध्या दिवसाचा रस्ता.

सात दिवसांत चार फेरीबोटी. रत्नागिरीच्या दक्षिणेला बहुतेक खाड्यांवर पूल आहेत. तो भाग दुसऱ्या सफरीसाठी ठेवा.

मोबाइलवरचा नकाशा कधी कधी चालण्याचा रस्ता दाखवतो आणि नेमका एखाद्या पाखाडीवर नेऊन सोडतो. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या पायऱ्या. भरली सायकल त्यावरून उचलून नेणं दोघांचं काम आहे. रस्ता विचारताना ‘किती लांब?’ असं विचारू नका, उत्तर ‘हे काय, इथंच’ असं येतं. ‘गाडीरस्ता आहे का, आणि घाटी कुठून लागते?’ असं विचारा.

सायकल

नवी सायकल घ्यायची गरज नाही. गिअरची साधी हायब्रिड किंवा एमटीबी चालते, फक्त तीन गोष्टी पाहा.

पहिली, सगळ्यात हलका गिअर. पुढे २२ किंवा २४ दातांची चकती आणि मागे ३२ किंवा ३४ दातांची असेल तर बसून चढता येतं. २२ आणि ३४ च्या जोडीत पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम १.४ मीटर सरकते. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी पाच किलोमीटर, म्हणजे भरभर चालण्याइतका वेग. तेवढाच हवा. पुढे सर्वांत लहान चकती ३४ ची आणि मागे मोठी २८ ची असलेल्या रोड बाइकवर सामान लादून घाट्या चढलात तर तिसऱ्या दिवशी गुडघे बोलायला लागतील. मागचं कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बदलणं त्यामानाने स्वस्त पडतं, पण मागचा डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) मोठी चकती पेलतो का हे मेकॅनिकला आधी विचारा.

दुसरी, टायर. ७०० गुणिले ३५ ते ३८, किंवा २६ इंची असेल तर १.७५. हवा ५० ते ६० पीएसआय, मागे पुढच्यापेक्षा पाच-दहा जास्त. ट्यूब मोटरसायकलीसारख्या जाड व्हॉल्व्हची, म्हणजे श्रेडर, घ्या. कोकणात सायकलचं दुकान दिवसभर दिसणार नाही, पण मोटरसायकलीचं पंक्चर काढणारा नाक्यानाक्यावर असतो आणि त्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड याच व्हॉल्व्हला बसतं. हवा भरताना मात्र थोडी थोडी घ्या. कॉम्प्रेसर सायकलची ट्यूब दोन सेकंदांत फोडू शकतो.

तिसरी, ब्रेक. दाभोळ, बागमांडला, जयगड इथले उतार थेट धक्क्यावर जाऊन थांबतात. वळणावर खडी आणि तळाशी वाळू. ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, वळणात सोडायचा. सतत दाबून धरू नका, रिम किंवा डिस्क तापते आणि पकड कमी होते. दाबा, वेग उतरवा, सोडा, पुन्हा दाबा. रिम-ब्रेकच्या रबरावरच्या खाचा पुसल्या असतील किंवा डिस्क-पॅडचा थर एक मिलिमीटरच्या आत आला असेल तर घरूनच बदलून निघा.

मागचं चाक हे दुखणं वेगळं. सामानाचं बहुतेक वजन त्यावर येतं आणि स्पोक तुटतो तो जवळपास नेहमी मागच्या चाकाचा, चेनच्या बाजूचा. निघण्याच्या आठवडाभर आधी चाक मेकॅनिककडून ताणून आणि सरळ करून घ्या. त्या बाजूच्या लांबीचे तीन स्पोक निपलसकट (स्पोक रिमला आवळणाऱ्या छोट्या नटासकट) चिकटपट्टीने फ्रेमला चिकटवून ठेवा. मात्र चेनच्या बाजूचा स्पोक कॅसेट काढल्याशिवाय बसत नाही, त्यामुळे वाटेत एक तुटला तर त्याला शेजारच्या स्पोकभोवती गुंडाळा, मागचा रिम-ब्रेक किंचित सैल करा आणि हळू हळू मोठ्या गावापर्यंत जा. दोन तुटले तर चढू नका, टेम्पो थांबवा.

सामान बारा किलोंच्या आत

हा लेख वाचून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा: बांधलेलं सामान ताणकाट्यावर लटकवून तोला. तंबू १.८ किलो, चटई ४०० ग्रॅम, पांघरायला चादर आणि पातळ शाल मिळून ३०० ते ४००, कपडे दीड किलो, हत्यारं आणि सुटे भाग १.२, औषधं आणि साबण-ब्रश ६००, फोन-चार्जर-पॉवर बँक-दिवा ८००, दोन बॅगा १.८. हे साडेआठ किलो झाले. त्यात अडीच लिटर पाणी आणि किलोभर खाऊ. इथे बारा पुरे होतात. जाड स्लीपिंग बॅग कोकणात लागत नाही. डिसेंबरच्या रात्री पंधरा-वीस अंशांच्या आसपास असतात, मोजे आणि चादर भागवतात.

स्टोव्ह नेऊ नका. इथे दर पाच-दहा किलोमीटरवर कुणीतरी चहा उकळतोच, गॅसचे छोटे डबे वाटेत मिळत नाहीत आणि रेल्वेत ते नेता येत नाहीत. स्टोव्ह, भांडी, शिधा मिळून दोन किलो वाचतात आणि प्रत्येक घाटीवर ते जाणवतं.

सामान पाठीवर घेऊ नका. मागचं कॅरियर हवं, चार बोल्टांनी फ्रेमला बसणारं. नुसतं सीटपोस्टला आवळलेलं कॅरियर खड्ड्यांत फिरतं. हे बोल्ट बहुधा ५ मिलिमीटरचे असतात आणि ४ मिलिमीटरच्या ॲलन चावीने आवळतात. प्रत्येकाला निळ्या थ्रेडलॉकचा (बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब लावा, कारण खड्ड्यांच्या थरथरीने सैल होणारी पहिली वस्तू हीच. खालचा एक बोल्ट पडला की कॅरियर एका अंगाला झुकतं, बॅगेचा कोपरा स्पोकमध्ये जातो आणि चाक जागच्या जागी अडकतं. रोज सकाळी चारही बोल्टांना चावी लावून पाहायची. दोन बोल्ट सुटे जवळ ठेवा.

बॅगा दोन, दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या. जड वस्तू तळाशी आणि फ्रेमच्या बाजूला. पॅडल मारताना टाच बॅगेला लागते का पाहा. लागत असेल तर हूक मागे सरकवा. तंबू वर आडवा, मोटरसायकलीच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधा. पंक्चरवाला त्या कापून देतो, त्या सुटत नाहीत, आणि पुढे त्यांचे आणखी दोन उपयोग येणार आहेत.

आता एका शनिवारी सगळं लादून ४० किलोमीटर जा, त्यात एक तरी चढ घ्या, आणि रात्री गच्चीवर किंवा अंगणात तंबूत झोपा. राहून गेलेली आणि फुकट नेलेली, दोन्ही प्रकारची वस्तू त्याच रात्री कळते.

फेरीबोटीवर

बोटीच्या वेळा आदल्या संध्याकाळी विचारून घ्या, शेवटची बोट कितीला हे तर नक्कीच. ती चुकली तर खाडीला वळसा घालून जायला बहुधा अख्खा दिवस लागतो.

धक्क्याच्या उतारावर सायकलीवरून उतरा. ओहोटीला उघड्या पडलेल्या भागावर शेवाळ असतं आणि कालवांची कवचं चिकटलेली असतात. शेवाळावर चाक घसरतं, कवच टायर चिरतं. आणि एक गोष्ट उतरण्यापूर्वीच करायची: सायकल चालती असतानाच सगळ्यात हलका गिअर टाकून ठेवा. पलीकडच्या धक्क्यावरून बहुधा थेट घाटीच सुरू होते आणि उभ्या सायकलीवर गिअर बदलत नाही.

बोटीत सायकल कडेला टेकवा, ट्यूबच्या पट्टीने पुढचा ब्रेक हँडलला आवळून बांधा. डेक हलला तरी सायकल घरंगळत नाही. पलीकडे गाड्या आणि मोटरसायकली आधी जाऊ द्या. त्या चढून गेल्या की पाच मिनिटांत रस्ता रिकामा मिळतो.

चढ फारच उभा असेल तर ढकला. डावा हात हँडलवर, उजवा खोगिराच्या मागे, अंग सायकलीच्या डाव्या बाजूला. ढकलताना वेग चार किलोमीटर, चढवताना पाच. त्यासाठी गुडघे पणाला लावायचं काही कारण नाही.

पाणी आणि पोट

तीन बाटल्यांत मिळून अडीच लिटर नेहमी भरलेलं हवं, दिवसभरात चार ते सहा लिटर पोटात जायला हवं. सड्यावर वस्ती विरळ, झाडं कमी आणि पाणी नसतं, म्हणून बाटल्या खाली गावात भरून घाटीला लागायचं. पऱ्हे (लहान ओढे) फेब्रुवारीत आटलेले असतात.

नुसतं पाणी पिऊन चालत नाही, घामातून मीठ जातं. शहाळं चांगलं, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, त्यामुळे ते घामाची पूर्ण भरपाई करत नाही. इथलाच उपाय म्हणजे कोकमाचं आगळ. सरबत वेगळं, ते गोड असतं. आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस. पाव लिटरची बाटली बरोबर ठेवा, पाऊण लिटर पाण्यात दोन चमचे आगळ आणि चार चमचे साखर. आगळाचा खारटपणा घरोघर वेगळा, तेव्हा चव घेऊन ठरवा: अश्रूंइतकं खारट, त्याहून जास्त नाही. आगळ नसेल तर लिटरभर पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि सहा सपाट चमचे साखर.

सकाळी पोहे किंवा उसळ-पाव, सिंधुदुर्गाच्या बाजूला गेलात तर घावणे. दुपारच्या जेवणाचं मात्र लक्षात ठेवा. लहान गावातली खानावळ आधी सांगितलं तरच रांधते. सकाळी चहा पिताना पुढच्या गावातल्या खानावळीचा नंबर मागून घ्या आणि नऊच्या आत ‘दोन माणसं, बाराला येतो’ असं कळवा. माशाचं जेवण आणि सोलकढी झाली की लगेच चढाला लागू नका. बॅगेत गूळ-शेंगदाणे, खजूर, केळी कायम असू द्या. भूक लागल्यावर खायचं नाही, दर तासाला थोडं थोडं खायचं. चढावर एकदम हातपाय गळाले, डोकं हलकं झालं तर थांबून आधी गूळ खा.

जागा कुणाची?

इथली जवळजवळ प्रत्येक जागा कुणाची तरी आहे. आगर (नारळ-पोफळीची बाग), वाडी, कलमांची बाग, मळा, सगळ्याला मालक आहे. सुरूची बनं बहुधा वनखात्याची किंवा ग्रामपंचायतीची असतात. तेव्हा न विचारता तंबू ठोकायचा नाही. गावात शिरल्यावर दुकानात किंवा देवळापाशी चौकशी करा, पोलिस पाटलांना किंवा सरपंचांना भेटा. देवळाचं भक्तनिवास किंवा सभामंडपाबाहेरची जागा अनेकदा मिळते. घरी विचारायचं तर सरळ: ‘काका, रात्रीपुरता अंगणात तंबू लावू का? दोघे आहोत, सकाळी सहाला निघू.’ किती माणसं आणि कधी जाणार, ही दोन उत्तरं आधीच दिली की समोरच्याचा जीव निर्धास्त होतो. पडवी देऊ केली तर नाही म्हणू नका. वरचं छत न घालता तंबूचा नुसता जाळीचा भाग पडवीत उभा करा, डास आणि सरपटणारं काही आत येत नाही. सकाळी चहापाण्याचे पैसे आग्रहाने द्या.

डिसेंबर ते फेब्रुवारीत आंब्याच्या बागेत मुक्काम नको. मोहोरावर तुडतुड्यांसाठी फवारणी चालू असते, औषध पानांवरून ठिबकतं आणि तंबूवर, बाटल्यांवर बसतं.

वेळास, आंजर्ले आणि आणखी काही पुळणींवर (वाळूच्या किनाऱ्यांवर) याच महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तिथे पुळणीवर तंबू लावू नका, रात्री दिवे फिरवू नका. उजेडाने मादी परत फिरते आणि पिल्लं समुद्राऐवजी उजेडाकडे चालू लागतात. गावात राहा. वेळासमध्ये घरगुती सोय चांगली आहे.

शेकोटी कुठेच नको. सड्यावरचं गवत डिसेंबरात कोरडं ठणठणीत झालेलं असतं. एक ठिणगी वाऱ्यावर गेली तर वणवा काजू-आंब्याच्या बागांपर्यंत पोचतो आणि कुणाची तरी वीस वर्षांची कलमं एका रात्रीत जातात.

वाळूत तंबू उभा करणं

पुळणीवर परवानगी मिळाली तर आधी भरती पाहा. पंचांगातली तिथी घ्या, तिला तीनने गुणून चारने भागा. जो आकडा येईल त्या सुमारास भरती, दिवसा आणि रात्रीही. चतुर्थीला तीनच्या आसपास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. तासाभराची तफावत धरा. कोळीवाड्यांत हे गणित तोंडपाठ असतं. यातली धोक्याची गोष्ट अशी की अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं आणि त्याची भरती मध्यरात्रीच्या आगेमागे येते, तुम्ही गाढ झोपेत असताना. वाळलेलं शेवाळ, काटक्या, कवचं यांची सगळ्यात वरची रेघ शोधा आणि तिच्याही बरंच वर, वेली-गवत सुरू होतं तिथे तंबू लावा. नारळाखाली कधीच नाही. नारळ तर पडतोच, वाळलेली झावळही डोकं फोडू शकते.

वाळूत खुंट्या धरत नाहीत. पण आगराच्या कडेला सोडणांचा (नारळाच्या सोललेल्या सालांचा) ढीग असतो, विचारून सहा सोडणं घ्या. प्रत्येक सोडणाच्या मधोमध दोरी दोन वेढे घेऊन गाठ मारा, हातभर खोल खड्डा खणा, सोडण आडवं टाका, दोरी तंबूच्या दिशेने तिरपी वर काढा. खड्डा बुजवून वर पाणी ओता आणि पायाने चेपा. ओली वाळू घट्ट बसते. दोरी ओढून पाहा: सोडण हललं तर खड्डा उथळ झालाय. सोडण नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून तीच पुरा, आणि सकाळी पिशव्या उकरून बरोबर न्या.

सड्यावर उलटं असतं. जांभ्यात खुंटी शिरत नाही, दोऱ्या दगडांना बांधाव्या लागतात. इथे सावध राहा. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर फुरसं हा विषारी साप भरपूर आहे आणि दिवसा तो अशाच दगडांखाली, गडग्यांच्या (दगडी कुंपणांच्या) फटींत बसतो. दगडाखाली बोटं घालू नका. आधी काठीने किंवा बुटाच्या टोकाने उलटवा, खाली पाहा, मग उचला.

संध्याकाळी वारा समुद्रावरून आणि पहाटे जमिनीवरून, म्हणून दार या दोन्हींकडे न ठेवता किनाऱ्याला समांतर दिशेने ठेवा. दव भरपूर पडतं. हवा खेळायला दोन्हीकडच्या झडपा अर्ध्या उघड्या ठेवल्या नाहीत तर आतल्या बाजूला श्वासाचंच पाणी धरतं. ओलं छत सकाळी वेगळं गुंडाळा आणि नाश्त्याच्या थांब्यावर उन्हात पसरा. दोन दिवस ओलं राहिलं की बुरशी येते.

तंबूची चेन आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी पूर्ण लावा. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, चावा अनेकदा कळतही नाही. बूट तंबूच्या आत ठेवा, सकाळी झटकून घाला. कोकणातला लाल विंचू जीवघेणा ठरू शकतो. त्याच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरायची पद्धत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी याच भागात, महाडला, रूढ केली. साप चावला तर कापू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका. माणसाला आडवं करा, चावा झालेला हातपाय फळीने स्थिर करा, १०८ ला फोन लावा आणि मिळेल त्या गाडीने ग्रामीण रुग्णालय गाठा. मुक्कामाच्या गावाजवळचं रुग्णालय कोणतं, हे तंबू लावण्यापूर्वीच विचारून ठेवायचं.

रोज संध्याकाळी वीस मिनिटं सायकलीला

खारी हवा एका रात्रीत चेन तांबूस करते. ओहोटीच्या घट्ट वाळूवर सायकल चालवायचा मोह होतो, पण वाळू-मीठ चेनमध्ये गेलं की पुढचे तीन दिवस कुरकुर ऐकावी लागते. सामान उतरवून, हळू, एकदा फिरून या. नंतर गोड्या पाण्याने पुसा.

क्रम असा. ओल्या फडक्याने फ्रेम, रिम, ब्रेक पुसा. कोरड्या फडक्यात चेन धरून पॅडल उलटं फिरवा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. मग प्रत्येक कडीच्या रोलरवर तेलाचा एक थेंब, दहा मिनिटं थांबा आणि वरचं तेल पुसून टाका. वर राहिलेलं तेल वाळू धरतं. चेनचं तेल संपलं तर शिलाई मशीनचं तेल घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. पातळ असल्याने रोज लावावं लागतं. खोबरेल तेल लावू नका: चोवीस-पंचवीस अंशांखाली ते थिजतं, म्हणजे डिसेंबरच्या सकाळी चेन मेणासारखी होते. रिम आणि डिस्कला तेलाचा हातही लागू देऊ नका.

सायकलीइतकंच अंगही धुवा. समुद्रात डुंबून तसंच खोगिरावर बसलात तर मिठाचे कण मांड्यांना घासून दुसऱ्या दिवशी जखमा होतात. विहिरीच्या पाण्याने आंघोळ, चड्डी धुऊन वाळत, आणि रात्री सैल कोरडे कपडे.

पंक्चर

हत्यारांत दोन ट्यूब, पॅचचा संच, दोन टायर लिव्हर, पंप, चेन-कटर आणि जोडकडी, ॲलन चाव्या, आणि जुन्या टायरचा बोटभर लांब तुकडा एवढं हवं.

ट्यूब बदलणं सोपं, चूक होते ती कारण न शोधण्यात. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून बोटं हळूच फिरवा, पूर्ण गोल. ट्रकच्या टायरमधून पडलेली बारीक तार डोळ्यांना दिसत नाही, फक्त टोचते. ती तशीच राहिली तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते. ट्यूबवरचं भोक व्हॉल्व्हपासून जितकं दूर, तितक्याच अंतरावर टायरमध्ये शोधा. ट्यूबवर शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर काटा नाही, हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली. पंपाने हवा वाढवा. कालवाच्या कवचाने टायरच चिरला असेल तर तो टायरचा तुकडा आतून चिरेवर ठेवा, वरून ट्यूब भरा, हवा थोडी कमी ठेवा. रत्नागिरीपर्यंत पोचाल.

परतीची गाडी

रत्नागिरीचं स्टेशन किनाऱ्यापासून वर, सड्याच्या अंगाला आहे, शेवटचा चढ धरून चाला. सायकल पार्सल ऑफिसमध्ये तिकीट दाखवून सामान म्हणून बुक होते आणि सामानाच्या डब्यातून येते. गाडीच्या दीड-दोन तास आधी पोचा. बॅगा, बाटल्या, दिवा, पंप काढून घ्या. पॅडल काढा किंवा ट्यूबच्या पट्टीने फ्रेमला बांधा, डिरेल्युअरवर पुठ्ठा लावा. नाव, फोन आणि उतरायचं स्टेशन लिहिलेली चिठ्ठी दोन ठिकाणी चिकटवा. लहान स्टेशनांवर गाडी दोन मिनिटं थांबते आणि तेवढ्यात सामानाच्या डब्यात सायकल चढत-उतरत नाही, म्हणून चढायला आणि उतरायला मोठंच स्टेशन निवडा. पावती सांभाळा. उतरल्यावर आधी सामानाच्या डब्याकडे धावायचं, मग बाकी सगळं.